नागनाथ गुरुजींचे बसलेले बैल

नागनाथ गुरुजी आदिलाबादला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक पत्र्याची पेटी होती. कपाट, पलंग, पाण्याची टाकी हे सगळं हमालांनी आदळत-आपटत आणलं. पण त्या पेटीला रुक्माबाई, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, कोणाला हात लावू देत नव्हत्या. मला वाटलं काचेचं काही असेल. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर पेटी उघडी होती, आणि गुरुजी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांमधून एकेक लाकडी बैल काढून खिडकीच्या फळीवर मांडत होते. ओंजळीत मावतील एवढेच. ना रंग, ना झूल, ना शिंगांना बेगड. आणि सगळेच्या सगळे बसलेले.

लाकडी बैल मला नवे नव्हते. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, पांढरकवड्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार नेतात आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. पण ते बैल कसे, मान ताठ, छाती पुढे, आता मारतो की मग, असे उभे. बसलेला बैल मी कधी कोणाच्या दोरीला पाहिला नव्हता.

"गुरुजी, हे सगळे बसलेलेच काऊन?" मी विचारलं.

"थकले असतील," ते म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

हे काही उत्तर नव्हतं. पण पहिल्याच दिवशी किती खोदायचं?

गुरुजी भीमपूरच्या बाजूचे. तिकडच्याच मराठी शाळांमध्ये त्यांनी नोकरी केली, शेवटची काही वर्षं तलमडुगुला होते. मुलगी आणि जावई दोघंही उटनूरकडे मास्तर. नातीला चांगली शाळा मिळावी म्हणून निवृत्तीनंतर हे नवरा-बायको तिला घेऊन शहरात आले. नात विशाखा तेव्हा चौथीत होती. घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली निळा दिवा, आणि शेजारच्या खिडकीत ही बैलांची रांग.

गुरुजी वर्षाला एकच बैल करीत. शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा, दोन पटाश्या, एक कानस, फुटक्या काचेचा एक तुकडा आणि जवसाच्या तेलाची बाटली, एवढंच त्यांचं सामान. सकाळी अंगण स्वतः झाडायचं, मग निंबाखाली पोतं टाकून बसायचं. मी आमच्या ओट्यावर गहू निवडत बसले की समोर ते दिसत. मजा अशी की बराच वेळ काही होतच नसे. लाकूड हातात फिरवायचं, उन्हाकडे धरायचं, परत मांडीवर ठेवायचं. कधी कधी सकाळ सरायची आणि पोत्यावर एक ढलपीही पडलेली नसायची.

"आज लाकडाले नुसती हवाच दाखवली का?" रुक्माबाई आतून विचारत.

"त्याची मान कुठं वळते ते पाहून राह्यलो."

"लाकडाची मान. पद्मिनी, ऐकलं का? आमच्या घरी लाकडाले मान असते अन् बायकोचा शब्द ऐकाले कान नसतो."

गुरुजी हसत आणि लाकूड आणखी जरा वळवत. मग अचानक पटाशीचा एक हात चालायचा, एकच, आणि पुन्हा थांबायचे. आम्ही बायका लोकरीचा एक टाका चुकला की दहा उसवतो. ते उसवायची वेळच येऊ देत नसत. हे सगळं काय चाललंय याचं मला इतकं कुतूहल होतं की एकदा तांदळातले खडे सोडून तांदूळच सुपाबाहेर टाकत बसले.

हळूहळू कळलं की प्रत्येक बैल कोणाचा तरी आहे. म्हणजे खरोखरचा होऊन गेलेला. विशाखाला सगळे पाठ होते. ती फळीसमोर मला उभं करायची आणि बोट ठेवत सांगायची, "मावशी, हा भीमपूरचा बाशा. हा डाव्या कुशीवरच बसायचा. हा कबऱ्या, याचं एक शिंग खाली गेलेलं. हा तांबडा, हा बसला तरी मागं पाहत राह्यचा."

"मागं काय पाहत असेल?"

"ते आजोबाले माहीत नाही. म्हणून त्यांनी मान तशीच ठेवली."

उन्हाळ्यात गुरुजी कुठल्यातरी गोठ्यात जाऊन बसतात, रोज तोच एक बैल पाहतात, आणि तो कोणत्या कुशीवर बसतो हे पक्कं कळल्याशिवाय लाकडाला हात लावत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. पण बसलेलाच का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी रुक्माबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते सोता घरकामाले कधी उभे राहतात का? मग त्यांचा बैल कसा उभा राहील?" गुरुजींना पुन्हा विचारलं तर म्हणाले, "उभा मले जमत नाही." हे मात्र मला पटलं नाही. ज्याला पापणीची घडी जमते त्याला चार पाय का जमू नयेत?

दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलनीत तान्हा पोळा भरवायचं ठरलं. पाण्याच्या टाकीजवळ तोरण बांधलं, आणि बक्षीस द्यायला भगवानराव होते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, पण मूळ घर शेतीवाडीचं. एकेकाळी दावणीला कितीतरी बैल होते म्हणे. विशाखा त्या वर्षीचा बैल चाकांच्या फळीवर बांधून रांगेत उभी राहिली. गुरुजींच्या घरी पोळ्याची पूजा नसते, पण बैलाचा सण आहे, पोरीने जावं, असं रुक्माबाईंनीच म्हटलं होतं.

भगवानराव रांग पाहत तिच्यापर्यंत आले आणि थांबले. "हा कोणाचा?"

"आमचा," विशाखा म्हणाली.

"बसका बैल अन् पोळ्यात? अगं पोरी, बसका बैल आमच्या घरी निघाला तर पुढच्याच बाजारात विकत होते आमी. औताले जुंपला अन् वावरात मधेच बसला म्हणजे गेली पेरणी."

त्यांनी काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं. शेतकऱ्याच्या डोळ्याला तो बैल तसाच दिसणार. पण मुलांना तेवढं पुरलं. "बसका आला, बसका आला," असं ओरडत ती तिच्या मागे टाकीपासून गल्लीपर्यंत आली. विशाखाने बैल फळीवरून सोडून फ्रॉकच्या घोळात लपवला आणि नुसतीच फळी ओढत घरी आली. चाकं खडखड वाजत होती. त्या आवाजाने आम्ही सगळ्या बायका दारात आलो, आणि गुरुजीही.

तिने बैल खिडकीच्या फळीवर जागच्या जागी ठेवला. पण पुढचं वर्षभर ती मला बैलांची नावं सांगायला खिडकीशी थांबली नाही.

पुढचा उन्हाळा सरता सरता तिने एकदा जेवताना हळूच सांगितलं, "आजी, या वर्षी मले भैंशा गावच्या बाजारातला बैल पाहिजे. रंगवलेला." हे रुक्माबाईंनी मला भिंतीवरून सांगितलं. "अन् ते ऐकत होते. भाकर हातातच राह्यली. मी म्हणलं, बाजारातला काऊन, तुमीच करा ना एक उभा. पोरीसाठी. एक वर्ष बैल उभा केला तर काय आभाळ कोसळते?"

"मग काय म्हणाले?"

"करतो म्हणाले."

गुरुजी त्या वर्षी पांडुरंगरावांच्या गोठ्यात जात होते. तलमडुगुच्या रस्त्याला, गाव संपता संपता त्यांचं शेत आहे. तिथला चांद्या नावाचा बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, त्यांनी मनात धरला होता. ते जाणं त्यांनी थांबवलं. पोत्यावर बसले ते पटापट हात चालवू लागले. लाकूड उन्हाकडे धरणं नाही की मांडीवर ठेवणं नाही. ढलप्या अशा उडत होत्या की रुक्माबाईंनी त्या चुलीला गोळा करून घेतल्या. आठवड्यात बैल तयार झाला.

तो वाईट नव्हता. कोणी वाईट म्हणेल असं त्यात काही नव्हतं. चार पाय सरळ, मान वर, वशिंड जागच्या जागी, खाली चाकं. रुक्माबाईंनी हौसेने शिंगांना लोकरीचे गोंडे बांधले. "दिसतो की नाही आता बैल?" असं त्या मला म्हणाल्या, आणि मीही हो म्हटलं.

विशाखा शाळेतून आली. बैल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"आजोबा, हा कोणता आहे?"

"कोणता म्हणजे?"

"म्हणजे कोणाकडचा? नाव काय याचं?"

गुरुजींनी शिंगाचा गोंडा सरळ केला. "हा कोणाचा नाही बाई. असाच बैल आहे."

"बरं," ती म्हणाली. "चालेल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. दुकानात हव्या त्या रंगाची रिबीन मिळाली नाही की मुली म्हणतात तसं चालेल. पण गुरुजींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि वाटलं, तिने बैल फेकून दिला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर पोतं अंगणात आलं नाही. दाराआड घडी करून ठेवलेलं मला आमच्या ओट्यावरून दिसायचं. गुरुजी पेपर वाचत, विशाखाचा अभ्यास घेत, वेळेवर जेवत. रुक्माबाई मात्र धास्तावल्या. "उभा कर म्हणलं तर हा माणूसच बसला," त्या म्हणाल्या, पण या वेळी हसल्या नाहीत. "हात कसे ठेवतात पाह्यलं का? मांडीखाली दाबून. जसे काही दुसऱ्याचे हाये. इतक्या वर्षांत असं केलं नाही. आता हे परत बसले नाहीत पटाशी घेऊन, तर त्या माणसाचं करू काय मी?"

पोळा जवळ येत होता. आमच्याकडे ओट्यावर निवडायचं धान्य, घरी यांच्या कचेरीतले पाहुणे, तरी माझं लक्ष सगळं त्या दाराआडच्या पोत्यावर.

तोड काढली ती विशाखानेच. एका रविवारी दुपारी ती चप्पल घालून गुरुजींसमोर उभी राहिली. "आजोबा, चांद्याकडे जायचं का? तुमी म्हणले होते मले दाखवाल."

"आता काय करायचं जाऊन?"

"काही नाही. पाहू."

गुरुजी उठले. मीही पदर खोचून निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण नको असंही कोणी म्हटलं नाही.

पांडुरंगरावांचं शेत म्हणजे रस्त्याच्या अलीकडे ज्वारी, पलीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आलेली. गोठ्यात चांद्या बसला होता, उजव्या कुशीवर, रवंथ करीत. आम्ही समोरच्या बाजेवर बसलो आणि पाहू लागलो. आता बसलेल्या बैलाकडे किती वेळ पाहणार? पहिल्यांदा माशा दिसल्या. मग कानाची हालचाल. मग जबडा एकीकडून दुसरीकडे जातो तो. मग कळलं की रवंथ करता करता तो मधेच थांबतो, काहीतरी खाली गिळतो, आणि नवा घास वर येईपर्यंत अगदी स्तब्ध असतो, जसा काही विचारात पडलाय.

विशाखाने तेव्हा विचारलं. मी दोन वर्षं विचारत होते तेच, पण तिने विचारलं म्हणून उत्तर मिळालं.

"तुमी बसलेलेच काऊन करता, आजोबा?"

"माझा बाप सालदार होता," गुरुजी म्हणाले. "मालकाचे बैल, मालकाचं औत. दिवसभर बैल उभे तर बाप उभा. सांजच्याला बैल सोडायचे, पाणी पाजायचं, वैरण टाकायची. मग बैल बसले की बाप त्यांच्या पाठीला पाठ लावून खाली बसे. तेव्हाच आमच्याशी बोले. गोष्टी सांगे, हसे. त्याआधी बोलायला त्याले फुरसतच नव्हती. उभे बैल मालकाचे होते बाई. बसले की आमचे होत."

चांद्या चघळत होता.

"मग तुमचा बाप बसला की बैल पण खूश होत असतील," विशाखा म्हणाली.

"कोणास ठाऊक. त्याईनं कधी सांगितलं नाही."

तेवढ्यात पांडुरंगराव आले. पाहुण्यांना बसलेला बैल काय दाखवायचा, म्हणून त्यांनी भिंतीला लावलेली तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची आर लावलेली काठी, घेतली. "थांबा, उठवतो त्याले. चालून दाखवंल."

"नको, नको," गुरुजी घाईने म्हणाले. "टोचू नका. उठवलेला बैल नाही पाहिजे. उठला तर पाहू."

"अन् नाही उठला तर?"

"तर उद्या येऊ."

पांडुरंगरावांनी तुतारी परत भिंतीला लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की या मास्तरला काय झालंय ते तुम्हीच सांगा. ऊन कललं. शेतातून गार वारा आला. आणि मग चांद्याने शेपूट एकदा झटकली, मान लांब पुढे काढली, गुडघ्यांवर भार टाकला, आणि त्याचा मागचा भाग वर आला. मागचे दोन्ही पाय उभे आणि पुढचे अजून गुडघ्यांवर. क्षणभर तो तसाच राहिला. मग एक पुढचा पाय, मग दुसरा, आणि उभा.

"मागून उठते," विशाखा म्हणाली. "आजोबा, मागून उठते तो."

जन्मभर गुरं पाहिली, पण बैल मागून उठतो हे मीही कधी नीट पाहिलं नव्हतं. मी काही म्हणायला वळले तर गुरुजी बाजेवर नव्हतेच. गोठ्याच्या खांबाला धरून ते चांद्याच्या गुडघ्यांकडे पाहत होते. हात मांडीखाली नव्हते; बोटं हवेत काहीतरी वळवून पाहत होती.

"उद्या परत येऊ," ते म्हणाले. "तो बसतो कसा तेही पाहाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जाऊन चांद्याला बसतानाही पाहून आलो, मग पोतं निंबाखाली आलं, आणि पुन्हा लाकूड उन्हाकडे धरणं सुरू झालं. दिवस थोडे उरले होते, तरी हात आपल्या जुन्याच चालीने चालत होता. रुक्माबाईंनी एकदा विचारलं, "होईल का पोळ्यापर्यंत?" गुरुजी म्हणाले, "तो उठून राह्यला. त्याले घाई केली तर पडंल." विशाखा शाळेतून आली की बाजूला बसायची. उभा बैल गोंड्यांसकट खिडकीत तयार होता, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. तिने कोणता नेणार ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मला मात्र रात्री भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवत नसे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बैलाला तेल लावून झालं. मागचे पाय उभे, पुढचे गुडघ्यांवर, मान पुढे लांबवलेली, कपाळावर ठिपक्याच्या जागी नुसतीच जरा घासलेली खूण. गुरुजींनी तो नेऊन खिडकीत उभ्या बैलाशेजारी ठेवला आणि आत निघून गेले. विशाखा केस बांधून आली. दोन्हींकडे पाहिलं. चांद्याला उचललं, फळीवर बांधलं आणि दोरी धरून निघाली. तेल अजून ओलं होतं. तिच्या हातांना लागलेलं तिने फ्रॉकला पुसलं तरी रुक्माबाई त्या दिवशी रागावल्या नाहीत.

पाण्याच्या टाकीजवळ रांग लागली होती. भैंशाहून आणलेली एक झुलींची जोडी अशी चमकत होती की बक्षीस तिचंच, हे लहान पोरालाही कळत होतं. मागच्या वर्षीची मुलं विशाखाकडे वळली. एकाने तोंड उघडलंही, "बस..." आणि तिथेच अडला. खाली वाकून पाहू लागला. दुसराही वाकला.

"हा बसला नाही रे."

"मग उभा कुठं हाये? त्याचे गुडघे पाह्य ना."

"पडला का?"

"पडलेला असा नसते."

गुरुजी गर्दीच्या मागे, टाकीच्या भिंतीला टेकून उभे होते. भगवानराव आले. चष्मा वर केला, मग खाली केला, आणि वाकून जमेना म्हणून धोतर सावरून सरळ खालीच बसले.

"काय गं पोरी, हा उठून राह्यला का बसून राह्यला?"

आम्ही तिघांनी दोन्ही पाहिलं होतं. चांद्या बसतानाही आधी गुडघेच टेकतो, मग मागचा भाग खाली येतो. मधल्या एका क्षणाला दोन्ही सारखेच दिसतात. विशाखाने मागे वळून आजोबांकडे पाहिलं नाही.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "दिसंल."

आणि खरं सांगते, भगवानराव थांबले. मुलंही थांबली. एवढी माणसं एका लाकडाच्या तुकड्याकडे डोळे लावून बसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. मग भगवानरावांना आपण काय करतोय ते उमगलं. ते हसले आणि उठायला लागले. वयाने गुडघे धरलेले. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकले, आणि आधी मागचा भाग वर आला.

"मागून उठले," कोणीतरी म्हटलं, आणि सगळी रांग हसली. भगवानरावही हसले, हात झटकत म्हणाले, "हो बाबा. आमच्या दावणीचे असेच उठत होते. खरंच, असेच उठत होते." आणि जाता जाता त्यांनी मान वळवून पुन्हा एकदा खाली पाहिलं.

बक्षीस भैंशाच्या जोडीला मिळालं. विशाखा बैल ओढत दारोदार फिरली, आणि आमच्या दारात आली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या घोळात खारका होत्या आणि मागे पोरांचा घोळका. "मावशी, तुमाले काय वाटते?" तिने विचारलं. मी म्हटलं, उठतोय. शेजारच्या लक्ष्मम्मा म्हणाल्या, बसतोय. त्यावर आमचं दोघींचं आजही जमलेलं नाही.

गोंड्यांचा उभा बैल रुक्माबाईंनी आम्हाला दिला. तो आमच्या टीव्हीवर उभा आहे. येणारे-जाणारे छान आहे म्हणतात, आणि त्याच्याबद्दल अजून कोणी काही विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी गुरुजी पोत्यावर बसले तेव्हा मी भिंतीवरून डोकावले. लाकडात एक पाठ दिसायला लागली होती, गोल, खाली टेकलेली. पुन्हा बसलेलाच.

"गुरुजी, आता उठता बैल नाही का?"

त्यांनी लाकूड जरा उन्हाकडे वळवलं. "उठला ना तो एकदा," ते म्हणाले. "आता त्याले बसू द्या."